रेडिएटरमधली हळद

मावशी या गॅरेजमध्ये आली ती इंजिनाचे पार्ट धुवायला. अकरा वर्षं रॉकेलच्या घमेल्यात हात बुडवून बसली, कान मात्र इंजिनांकडे. शिकवलं कोणीच नाही. उलट "तुला काय कळतंय" हे दिवसातून चारदा ऐकवलं. ज्यांनी ऐकवलं, त्यातले दोघे आज तिच्याच हाताखाली चाकं काढतात. ते दोघे तिने मुद्दामच ठेवलेत, आणि ही गोष्ट ती कोणापासून लपवतही नाही.

त्या सकाळी एक जुनी पांढरी गाडी दोरीने ओढत आली. सोबत सासरे आणि सून. सासरे तीस वर्षं साहेब लोकांच्या गाड्या चालवून निवृत्त झालेले; शर्टाला कडक इस्त्री, मानेला त्याहून कडक. सून हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर काम करणारी. पाळी पहाटे सहाची, त्या वेळेला बस नाही, म्हणून महिन्यापूर्वी लायसन्स काढून हीच गाडी नेऊ लागलेली. काल पुलावर तिच्या हातात गाडी उकळली, वाफेचा ढग उठला, आणि घरी पोचल्यावर तोफा सुटल्या.

सासऱ्यांनी मावशीला रोगाआधी निकालच ऐकवला. पोरीने पाणी न बघता गाडी दामटली. बाईंनी तेवढं आपल्या तोंडाने सांगावं, म्हणजे किल्ली ते कायमची स्वतःच्या खिशात टाकतील.

"चूक माझी निघाली तर देईन किल्ली," सून म्हणाली. "पण आधी निघू दे."

इंजिन गार होतं. मावशीचं डोकं तापलं. आपल्या तोंडाने काय सांगावं हे तिला कोणी सांगितलेलं खपत नाही. तरी ती गप्प राहून गाडीखाली वाकली. खाली ठणठणीत कोरडं. म्हणजे पाणी बाहेर सांडत नव्हतं, आतल्या आत कुठेतरी मुरत होतं. तेलाचं झाकण उघडलं, तर त्याच्या पोटाला दुधाळ साय धरलेली, तेलात पाणी मिसळल्याची खूण. मग तिने सुनेकडून हॉस्पिटलातला रबरी हातमोजा मागून घेतला, रेडिएटरच्या तोंडावर ताणून बसवला आणि गाडी सुरू करायला लावली.

मागून पांढरा धूर निघाला. इंजिन कोमटही झालं नव्हतं, तेवढ्यात मोज्यात हवा शिरू लागली. आधी अंगठा फुगला, मग करंगळी, मग पाचही बोटं ताठ. उत्तर येणाऱ्या पोराने वर्गात हात वर करावा, तसा मोजा बॉनेटखाली उभा राहिला. चाकवाले दोघे काम टाकून बघायला आले.

"हेड गॅस्केट गेलं," मावशी म्हणाली. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये बसवलेला तो पातळ थर. जळता वायू आणि पाणी यांना एकमेकांच्या घरात घुसू न देणं हे त्याचं काम. तो तापून फाटला होता.

"बघ," सासरे सुनेला म्हणाले. "तापवलीस ना गाडी."

गाडी तापली होती यात वादच नव्हता. पण तापली कशाने? मावशीने इंजिन बंद करवलं, मोजा काढला आणि रेडिएटरच्या गळ्यात बोट फिरवलं. बोटाला पिवळा गाळ आला. तिने तो हुंगला. हळद.

एरवी इथे तिने शिव्यांची लाखोली वाहिली असती. आज तिने लोणी लावलं.

"हे काम कच्च्या माणसाचं नाही हां काका," ती बोट न्याहाळत म्हणाली. "हळदीने गळती बुजवायची, तर मुरलेल्या ड्रायव्हरचाच हात लागतो. आता कुठे राहिलेत असे हात?"

सासऱ्यांची छाती मोज्याहून लवकर फुगली. "राहिलेत की. मीच टाकली. चार महिने झाले, थेंब गळला नाही."

"किती टाकलीत?"

"चांगली मूठभर. चिमटीने टाकतात ते शिकाऊ."

"चार महिने?" सून हळूच म्हणाली. "मी तर महिनाभरच चालवतेय, बाबा."

मग मावशीने पुढचं सगळं चाकवाल्यांना समजावून सांगितलं, सासऱ्यांकडे न बघता. मूठभर हळदीने भोक बुजलं, तशा नळ्याही तुंबल्या. पाणी फिरेना. इंजिन रोज थोडं जास्त तापत गेलं, आणि पुलावर त्याने हात टेकले. त्या वेळी स्टिअरिंगवर कोणीही असतं तरी हेच झालं असतं. चाकवाल्यांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या. त्यांना हे नवीन नव्हतं.

सासरे गाडीभोवती एक फेरी मारून आले. टायरला उगाच पाय लावून पाहिला.

"किती दिवस लागतील?"

हेड उतरवून घासून आणायचं, गॅस्केट आणि रेडिएटर नवे टाकायचे. आठवडा लागेल, मावशी म्हणाली.

"शनिवारी तिला सुट्टी असते. तीच येईल न्यायला." सासरे हे समोरच्या भिंतीला सांगत होते. "किल्लीही तिच्याकडेच द्या. पहाटे सहाला मला कुठे जायचंय?"

मावशीच्या जिभेवर एक जहाल वाक्य येऊन बसलं होतं. इतकं झकास तिला बऱ्याच दिवसांत सुचलं नव्हतं. सुनेने सासऱ्यांच्या मागून नुसती मान हलवून नको म्हटलं. मावशीने ते वाक्य मोठ्या कष्टाने गिळलं, आणि चाकवाल्यांवर खेकसली की इथे काय जत्रा भरलीय.