बागेच्या कडेनं गाडी नेताना

टायर घ्यायचे ठरले तेव्हा आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझं लग्न ठरवतानाही झाली नसेल. आमची वस्ती दिंडोरीकडच्या शिवारात, डांबरी सडकेपासून बरीच आत. मधला रस्ता मातीचा आणि दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, डायलिसिससाठी नाशिकला न्यावं लागतं. नवरा सातपूरला कंपनीत, त्यामुळे ड्रायव्हर मी. जुने टायर पार गुळगुळीत झाले होते. चिखलात जीप अशी घसरायची की मागच्या सीटवर आबा देवाचं सोडून माझंच नाव घ्यायचे.

नवऱ्याला हवे होते खोल नक्षीचे, मोठमोठ्या ठोकळ्यांचे टायर. मोबाइलवर वाळवंटात जीप उडवणारे लोक बघून त्याचं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, बाबा रे, असले टायर ओल्या रस्त्यात नांगरासारखे घुसतात. त्या रस्त्यावर सगळ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरनं मुरूम आणून टाकलाय. आपण तो उकरून ठेवला तर कोण दारात उभं करील? शिवाय आपला बहुतेक प्रवास डांबरावरचा, तिथे हे नुसते घोंघावणार. शेवटी दुकानात आबांनीच निकाल दिला, "मला दवाखान्यात जायचंय, डोंगरावर नाय." मग माती आणि डांबर दोन्हीकडे चालतील असे मधल्या नक्षीचे घेतले. नवरा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

पण टायर कसलेही असोत, द्राक्षांच्या हंगामात आमच्या रस्त्याचा एक कायदा असतो. माल तयार झालेल्या बागेजवळून गाडी माणूस चालेल इतक्याच वेगानं न्यायची. मण्यांवर पांढुरकी लव असते, इकडे तिला लस्टर म्हणतात. तिच्यावर धूळ बसली की संपलंच, कारण पुसायला गेलं तर लवही जाते आणि परदेशी माल पाठवणारे तो घेत नाहीत. म्हणून लोक बागेच्या कडेला जुन्या साड्या बांधतात. कुणाच्या घरातली कुठली साडी जुनी झाली ते मला गाडीतूनच कळतं. या कायद्याचे पोलीस म्हणजे आबा. मी जरा पाय दाबला की मागून घसा खाकरलाच समजा.

त्या दुपारी आबांना धाप लागली. पाण्याचं माप ठरवून दिलेलं असताना म्हातारा गुपचूप ताक पीत बसला होता, आणि आता श्वास पुरेना. ओठ काळे पडले होते. मी त्यांना कसंबसं मागे बसवलं, सासूबाईंनी त्यांचं डोकं धरलं आणि आम्ही निघालो. पहिल्याच वळणावर शेजारच्या दादांची बाग लागते. दुसऱ्या दिवशी काढणी होती, मजुरांना आत-बाहेर करता यावं म्हणून साड्या सोडून ठेवल्या होत्या. सगळी बाग उघडी. मागून आबा म्हणाले, "हळू... त्याची उद्या काढणी हाय." आणि त्यांची शुद्ध हरपली.

माझा पाय खरंच ब्रेककडे गेला. मला रस्त्याचाही राग आला, द्राक्षांचाही आणि आबांचाही.

दादा बांधावरच उभे होते. त्यांनी काचेतून आत पाहिलं आणि ओरडले, "वहिनी, पळवा गाडी! मालाकडं काय बघता? पळवा!" मी हळू करतेय असं वाटून त्यांनी गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या. मी गाडी पळवली. वळणावर सुट्या मुरुमावर टायरांनी जमीन सोडली नाही, मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. आरशात दादा दिसेनात, बाग दिसेना, नुसती धूळ होती.

वेळेत पोचलो. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी घरचे कपडे न्यायला मी परत आले तेव्हा दादांचा माल क्रेटमध्ये भरून लोकल बाजाराच्या पिकअपमध्ये चढत होता. परदेशी माल पाठवणारे कंटेनरवाले मण्यांवरची धूळ बघून निघून गेले होते. दादांनीच विचारलं, "आबा कसेत?"

आबा घरी आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारावं? "त्याचा माल गेला का?" दादा खाटेशेजारीच बसले होते. "गेला ना आबा. सगळा कंटेनरला." मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. या माणसाचे आभार कुठल्या तोंडानं मानायचे, मला आजही कळलेलं नाही.

आबा आता बरे आहेत, ताकावर सासूबाईंचा पहारा आहे. कुणीही पाहुणा आला की ते माझं कौतुक सांगतात, "मी मरायला टेकलो होतो, पण माझ्या सुनेनं बागेजवळून गाडी पळवली नाय. अशी सून पाहिजे!" मी खाली बघते. दादा तिथं असले तर चहाचा कप खाली ठेवून म्हणतात, "खरंय आबा. मी बांधावरच होतो."