आईचा कडक उपास

नागपूरच्या ज्या दवाखान्यात मी तंत्रज्ञ आहे, तिथे हृदयाच्या रक्तवाहिनीत शेवईएवढी बारीक नळी घालतात. तिच्या टोकाला सोनोग्राफीही असते आणि प्रकाशही. सोनोग्राफी वाहिनीची भिंत खोलवर दाखवते. प्रकाशाला वरचा पापुद्रा स्वच्छ दिसतो, पण रक्तातून काहीच दिसत नाही. म्हणून क्षणभर औषध सोडून रक्त बाजूला सारावं लागतं. ते औषध किडनीला जड जातं. त्यामुळे प्रत्येक पेशंटला मी बजावते, जेवू नका, पण पाणी पीत राहा. हे सांगून सांगून तोंड दुखतं.

गेल्या हिवाळ्यात या तपासणीसाठी आईचाच नंबर लागला. ती सौंसरजवळ रामाकोन्याला राहते. चार पावलं चालली की छातीत दुखायचं. आधीच्या स्टेंटमध्ये पुन्हा काही साचलंय का, ते पाहायचं होतं. तपासणीच्या आदल्या सकाळी मी कामावर जाताना तिला फोन केला. सलग ड्युट्यांनी जीव विटला होता. "उद्या उपाशी ये," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सौंसरहून बसने आली. ओठ सुकलेले. रक्ताचा रिपोर्ट आला, किडनीचा आकडा वर गेलेला.

"आई, पाणी पेलीस का?"

"कालपासून थेंब नाही घेतला. हरतालिकेला घेतो का आपण? तूच तं म्हटलं उपाशी ये."

आधी तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. परक्यांना रोज सांगते ते आईला सांगायचा मला कंटाळा आला होता.

मोठे डॉक्टर रिपोर्ट पाहून चिडले. आज काही करता येणार नाही, दोन दिवस सलाईन लावा, म्हणाले. छातीतलं दुखणं घेऊन तिला थांबावं लागणार होतं, तेही माझ्यामुळे.

"यांना पाण्याचं कोणी सांगितलं नव्हतं?"

मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. "सांगतलं होतं ना साहेब, पोरीनं. मीच नाही पेली. म्हातारपणी डोकं चालते का?"

"फाईलमध्ये नोंद करा," डॉक्टर मला म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

मी लिहिलं, 'सूचना देऊनही रुग्णाने पाणी घेतले नाही.' खाली सही केली. आईला वाचता येत नाही. ती माझ्या पेनकडे पाहत होती.

"काय लिहून राहिली?"

"औषध," मी म्हटलं.