साडेचौदाने पडलेला मंगळवार

आमच्या मामांना अख्खा कारखाना बॉयलरमामा म्हणायचा. खरं तर त्यांचा भाचा मी एकटा, पण हाक मारणाऱ्यांच्या रांगेत माझा नंबर दोनशेच्या पुढचाच. कागदाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गॅसवर किटली चढली की मामा बाहेरच्या खोलीतून उठून येतात आणि ती उकळेपर्यंत शेजारी उभे राहतात. मामी म्हणतात, एवढ्या संसारात माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नाही. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करतात. लक्ष किटलीवर.

स्वभाव भलताच चौकस. शेजाऱ्याची मोटारसायकल कुरकुरली की काय बिघडलंय ते गॅलरीतून सांगणार, कुणी विचारलेलं नसताना. मला वाणिज्य शाखेची पदवी मिळाली तेव्हा त्यांनी पाठ थोपटली आणि तो हात खाली यायच्या आत विचारलं, शेअरचा भाव नेमका ठरवतं कोण? मी तीन वर्षं तेच शिकलो होतो, त्यामुळे मला काही सांगता आलं नाही.

एवढ्या हौशी माणसाने एक गोष्ट मात्र साफ नाकारली होती. बॉयलर चालवायला शिकवणारं एक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून त्यांना दोनदा बोलावणं आलं, शिकवायला या म्हणून. दोन्ही वेळा नाही. या वर्षी तिसऱ्यांदा पत्र आलं: शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो. ज्या माणसाने मला सायकलचा पंप दीड तास समजावला होता, तो शिकवायला नाही का म्हणतो, हे कोडं मामींनी त्याच शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून मला उलगडून सांगितलं.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या दोन काचा असतात. एकीने दगा दिला तर दुसरी असावी म्हणून दोन. सव्वीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी डावी काच अर्धी भरलेली दिसत होती आणि उजवी जवळजवळ रिकामी. मामांनी दोन्ही साफ करून पाहिल्या, तरी तेच. आत पाणी नसेल तर बॉयलर फुटतो, आणि फुटताना आजूबाजूची माणसं मोजत बसत नाही. मामांनी आग बंद केली. बॉयलर थंड होऊन तपासणी होईपर्यंत सात तास गेले, कागद वाळवणारे रूळ थांबले, माल ओला राहिला. शेवटी निघालं काय, तर उजव्या काचेखालच्या तोटीला बारीक गळती. आत पाणी मुबलक.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या साहेबांनी पेपरातलं शेअरभावाचं कात्रण बॉयलरघराच्या दारावर चिकटवलं. सोमवारी ४१२, मंगळवारी ३९७.५०. खाली लाल शाईत लिहिलं, ‘एका माणसाच्या घाबरटपणाची किंमत’. एका शेअरमागे साडेचौदा, आणि शेअर लाखांनी. मामांनी गुणाकार केला असणारच. पुढे मुख्य चालकाची जागा चालून आली, तीही त्यांनी दुसऱ्याला दिली.

"ज्याने कंपनी पाडली त्याने पोरांना काय शिकवायचं, म्हणतात," मामी म्हणाल्या. "एवढा शिकलायस ना? बघ जरा काय ते."

बघायला मी लॅपटॉप उघडतोय तोच मामा स्वतःच आले. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, त्याच्या पाठीवर तारखा. शेअरचे जुने भाव मिळतात का रे, हे त्यांनी अगदी सहज, पावसापाण्याचं विचारावं तसं विचारलं. मिळतात म्हटलं. कंपनीचं नाव टाकायचं, कधीपासून कधीपर्यंत ते टाकायचं, रोजचा भाव समोर. मामांनी खुर्ची इतकी पुढे ओढली की मला कीबोर्डसाठी कोपर मारावं लागलं.

पहिली तारीख ते नोकरीला लागले त्या दिवसाची. नोंदी तितक्या मागे जातच नव्हत्या. मामा म्हणाले, म्हणजे मी इतिहासपूर्व काळातला. दुसरी, गोदामाला आग लागली तेव्हाची. भाव जरासा खाली, आठवड्यात परत जागेवर. तिसरी, त्रेचाळीस माणसांना एकाच दिवशी घरी पाठवलं ती. त्या दिवशी भाव चांगला वर गेला होता. मामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. आकडा तोच. त्यांची इतकी वर्षं समजूत होती की भाव म्हणजे कारखान्याची तब्येत. मी म्हटलं, भाव म्हणजे कारखाना कधी न पाहिलेल्या लोकांना त्या दिवशी काय वाटलं, ते. यावर त्यांनी कॅलेंडरच्या पानावरच्या पुढच्या तारखेवर बोट ठेवलं.

चौथ्या तारखेपुढे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही, नुसती तारीख टाकली. सोमवार ३१.७६. मंगळवार ३१.८०.

"पडलाच नाही की, मामा. उलट चिमूटभर चढलाय. तुमचे साहेब चक्क थापा मारत होते."

मला वाटलं, मामा मला मिठी मारतील. त्यांनी भुवया चढवल्या.

"कात्रण मी या डोळ्यांनी वाचलंय. आपल्या घरच्या पेपरातही तेच होतं. चारशे बारा होता तो भाव. हे एकतीस कुठून काढलंस?"

मग मला उशिरा सुचलेली अक्कल वापरावी लागली. नंतरच्या वर्षांत कंपनीने एका शेअरचे दहा केले होते. मोठा ताव कापून दहा लहान कागद करावेत, तसं. ताव तेवढाच, पण प्रत्येक तुकड्याची किंमत कमी. आजच्या तुकड्याशी तुलना करता यावी म्हणून जुने भावही त्या मानाने कापून दाखवतात. मामांना कागद कापणं समजावणारा मी कोण, पण त्यांनी मान डोलावली आणि लगेच पकडलं: दहाने भागलं तर एक्केचाळीस यायला हवेत, एकतीस नाही. मी म्हटलं, आणखी काहीतरी बारीकसारीक वजा करतात. काय, ते मला येत नव्हतं.

शोधता शोधता त्याच तक्त्यात दुसरा रकाना सापडला, मी आधी न उघडलेला. त्यात त्या त्या दिवशीचा मूळ भाव होता. सोमवार ४१२, मंगळवार ३९७.५०. हुबेहूब कात्रण. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कात्रण मीच चिकटवलं होतं. मी घाईने म्हटलं, मामा, तुम्हाला जो रकाना आवडेल तो खरा माना.

"असं चालत नाही," मामा म्हणाले. "दोन काचा वेगळं दाखवायला लागल्या की आवडीची निवडायची नसते. कुठल्या दिवसापासून वेगळं दाखवतायत ते बघ."

मला वाटलं होतं ते खचतील. ते तर कॅल्क्युलेटर घेऊन आले. एका बोटाने, प्रत्येक बटण ठासून दाबत, त्यांनी रोजचा मूळ भाव त्या दिवशीच्या कापलेल्या भावाने भागायला सुरुवात केली. मी आकडे वाचायचे, त्यांनी भागायचं. सोमवार, १२.९७. आधीचा शुक्रवार, १२.९७. गुरुवार, तेच. मग मंगळवार, १२.५०. बुधवारही साडेबारा. पुढचे दोन आठवडे साडेबाराच. चहा दोनदा गार झाला. किटलीपाशी या वेळी एकट्या मामी उभ्या होत्या.

"सोमवार आणि मंगळवारच्या मध्ये काहीतरी झालंय," मामा म्हणाले. "आणि ते माझ्या बॉयलरचं नाही. बॉयलरचं असतं तर दोन्ही रकाने पडले असते. हे फक्त एकात दिसतंय."

या वाक्यावर माझी पदवी परत करावी की काय असं मला वाटून गेलं. मी पान वरपासून खालपर्यंत धुंडाळलं. एका कोपऱ्यात लाभांश दाखवा असा पर्याय होता, तो दाबला. मंगळवारच्या ओळीखाली एक नवी ओळ उगवली. विशेष लाभांश, प्रत्येक शेअरमागे १५.

मग सगळं सरळ झालं. लाभांश कुणाला मिळणार याची एक तारीख ठरते. त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला ते पंधरा मिळत नाहीत, म्हणून तो पंधरा कमीच मोजतो. भाव त्या दिवशी पंधराने पडणारच होता, बॉयलर चालू असो की बंद. पडला साडेचौदाने. कापलेल्या भावात तो लाभांश आधीच वळता केलेला असतो, म्हणून तिथे काही पडलेलं दिसत नाही. एक्केचाळीसाचे एकतीसही त्यामुळेच: हा आणि नंतरचे सगळे लाभांश वजा.

मामींना आठवलं, त्याच महिन्यात कंपनीला पन्नास वर्षं झाली होती. प्रत्येक कामगाराला एक थर्मास मिळाला होता, आणि त्याचं झाकण पहिल्या दिवसापासून गळत होतं.

मामा बोटांवर काहीतरी मोजत होते. "पंधराने पडायचा, पडला साडेचौदाने. म्हणजे मी बॉयलर बंद केला त्या दिवशी भाव अर्ध्या रुपयाने वर गेला?"

"ते श्रेय घेऊ नका हं, मामा."

"घेत नाही. विचारतोय."

ते हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, साहेबांना हे ठाऊक असेल का? मामांनीच ठरवलं, की नसावं. साहेब यंत्रांचे इंजिनिअर, भावाचं पान रोज वाचत असतील, पण एकाच रकान्याचं. मामींना हा निकाल अजिबात मान्य नव्हता. त्यांनी साहेबांसाठी जो शब्द वापरला तो मी इथे लिहीत नाही.

घड्याळात पावणेबारा झाले होते. मामींनी केंद्राचं पत्र टेबलावर आणून ठेवलं आणि वर फोन ठेवला. मामांनी पत्रावरचा नंबर दोनदा तपासून लावला. पलीकडे कुणी कारकून बाई असाव्यात. मामांनी आधी येतो म्हणून सांगितलं, मग वर्ग किती वाजता, फळा आहे का, आतलं दिसावं म्हणून उभा कापलेला बॉयलर दाखवायला मिळेल का, अशा चौकशा केल्या. मुलं अकरा होती, त्यांत दोन मुली.

"एक करा," मामा म्हणाले. "त्यांच्यात जे कुणी जरा घाबरट वाटत असतील ना, त्यांना पुढच्या बाकावर बसवा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

बाईंना ते कळलं नसावं, कारण मामांनी तेच वाक्य पुन्हा, सावकाश सांगितलं.