देव नव्हे, टपालपेटी

घराच्या गेटावर लावायच्या नक्षीदार दगडी टपालपेट्या मी घडवते, असं सांगितलं की लोक हसतात. "आता पत्रं कोण पाठवतं? सगळं मोबाईलवर येतं." हसा बापड्यांनो. लग्नाची आमंत्रणं मोबाईलवर येत असतील. जमिनीच्या नोटिसा अजून कागदावरच येतात. हे मी सोसून शिकले आहे.

नवरा गेला तेव्हा आमच्या वळ गावातल्या शेतावर वारस म्हणून माझं नाव लागायचं होतं. आजूबाजूला गोदामं उठत होती आणि थोरल्या दिरांना शेत विकायची घाई झाली होती. माझ्या नावाची नोटीस आली, ती नेहमीसारखी दिरांच्या ओटीवर. एका आडनावाचं सगळं टपाल थोरल्या घरी टाकायचं, ही गावची रीतच. नोटीस ओटीवरून आत गेली ती गेलीच. मुदत टळून माझ्या नावाशिवाय नोंद झाल्यावर मला कचेरीत कळलं. मी अपील केलं. आता सुनावणीची तारीख टपालानेच येणार होती, आणि तीही चुकली तर शेत गेलंच म्हणायचं.

मी गेटावर पत्र्याची पेटी लावली. दोन दिवसांत ती गटारात सापडली. म्हटलं, बरं. दगडाची लावते, उचला बघू.

माझे वडील कामतघरला रस्त्याकडेच्या शेडमध्ये तुळशीवृंदावनं घडवायचे. हातात टाकी धरायला मी तिथेच शिकले, पण शिकले ते एकच काम. त्यामुळे काळ्या दगडाची पेटी घडवायला बसले तरी हात आपोआप वडिलांच्या मापाने चालले. खाली कमळ, वर छोटा कळस, मधे दिवा ठेवायच्या देवळीसारखा कोनाडा. गेटाशी सिमेंटमध्ये पक्की बसवली आणि स्वतःवरच खूश झाले.

चौथ्या दिवशी कोनाड्यात जास्वंद होती. मग हळदकुंकू आलं, मग नारळ. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. माझ्या पेटीने घाव सोसले टपालासाठी आणि देवपण गळ्यात पडलं. मी रोज पुसायचे, बायका रोज लावायच्या. सगळ्यांत मोठे भक्त थोरले दीर. सकाळी अंघोळ झाली की उदबत्ती घेऊन हजर. मला वाटलं, चला, निदान फोडणार तरी नाहीत.

एका दुपारी पोस्टमन आला. त्याने चपला काढल्या, पेटीला हात जोडले, पुन्हा चपला घातल्या आणि माझं विजेचं बिल घेऊन सरळ दिरांच्या ओटीकडे निघाला. मी धावत जाऊन त्याला अडवलं.

"अहो, पेटी लावलीय ती कशाला?"

"वहिनी, देवाच्या पुढ्यात बिलं-नोटिसा कशा टाकू? पाप लागेल."

दिरांच्या उदबत्तीचा अर्थ मला तेव्हा लागला. अंगाचा तिळपापड झाला. तशीच घरात गेले, टाकी-हातोडा घेऊन आले आणि पहिला घाव कळसावर घातला. आवाजाने गल्ली गोळा झाली. दीर धावत आले.

"अगो, देव हाय तो! टाकी न्हाय लावायची. गावावर कोप व्हईल."

"मी घडवलाय. कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे."

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण कळस उडवला. कोनाडा दगडाच्या पाटीने बंद केला, पत्र जाईल एवढी आडवी फट ठेवली आणि मागे कुलपाचं दार बसवलं. पाटीवर कोरलं 'टपाल' आणि खाली माझं नाव. नवऱ्याचं नाही, माझं. घाईघाईत कोरल्यामुळे 'ल' वाकडा झाला. तो अजून वाकडाच आहे. राहनाळच्या दोन बायकांनी नंतर माझ्याकडून पेट्या करून घेतल्या, त्याही स्वतःच्या नावाच्या. त्यांचे 'ल' मात्र सरळ आहेत.

पुढच्या खेपेला पोस्टमनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फटीत पत्र सारलं. कचेरीचं खाकी पाकीट होतं. पेटीच्या सांदीत राहिलेलं कुंकू त्याच्या कडेला लागलं होतं.

सुनावणीच्या दिवशी दीर कचेरीच्या बाकावर पाय पसरून बसले होते. मी कागदांची पिशवी घेऊन आत शिरले तसे उभेच राहिले.

"तुला कोनी सांगलं गो?"

"तुमच्याच देवानं," मी म्हटलं आणि पुढच्या खुर्चीत बसले.