शंभरामागं सात पुडके

बेहडटोल्यात एका बाईच्या ‘नाई’नं अख्खी जीप अडू शकते, हे एप्रिलच्या शेवटच्या रविवारपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गिरजाबाई खोब्रागडेच्या तर नव्हतंच. ती ग्रामसभेला आली होती ती फक्त यंदा विडीची तेंदूपानं कोणत्या तारखेपासून तोडायची ते ऐकायला, आणि जमलंच तर शेजारच्या रंभाकडून तिच्या जावयाच्या चार गोष्टी काढून घ्यायला.

जंगलावर गावाचा हक्क मान्य झाल्यापासून इथली पानं गावच विकतं. ठेकेदार गेला, त्याचा मुन्शी गेला. सभेत हात वर करून मोजायची पद्धत नाही. सगळ्यांचा होकार झाला तर ठराव. एक जरी माणूस आडवा आला तर ठराव नाही. ही रीत घातली तेव्हा समाजमंदिरात टाळ्या पडल्या होत्या. आडवा येणारा माणूस आपल्याच आळीत राहतो आणि सकाळी त्याच्याच मागं बोअरिंगवर नंबर लावावा लागतो, हे टाळ्या वाजवताना कुणाला सुचायचं?

त्या रविवारी गुणवंतराव भोयर उभे राहिले. बारा एकर धानाची बांधी, ट्रॅक्टर, किराण्याचं दुकान, आणि आवाज असा की माईकनं लाजून बंद पडावं. पण त्या दिवशी ते हळू बोलले. मागच्या श्रावणात त्यांच्या धाकट्या भावाला बांधीत साप चावला. तालुक्याचा दवाखाना चौतीस किलोमीटर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजवून नेला. वाटेतला नाला ओलांडेपर्यंत तो बोलत होता, पलीकडे गेल्यावर बोलला नाही.

“गावाची आपली गाडी पायजे,” गुणवंतराव म्हणाले. “एक जुनी जीप भेटून राह्यली. डायवर, डिझेल, सारं गावानंच करायचं. त्याच्यासाठी यंदापासून शंभर पुडक्यांमागं सात पुडके गावाचे.”

पुडकं म्हणजे सत्तर पानांची जुडी. पहाटे चारला जंगलात शिरायचं, वाघाच्या धाकानं एकमेकींना हाका देत पानं तोडायची, दुपारी घरी बसून पस्तीस उलटी, पस्तीस सुलटी लावून बांधायची, आणि उन्हं कलली की फळीवर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, मोजून ओळीनं मांडायची. हंगाम जेमतेम पंधरा दिवसांचा. त्यात गिरजाबाईसारखा हात आसपासच्या दहा गावांत नाही. ती तोडते, नवरा श्रीहरी बांधतो. दिवसाचे दोनशे चाळीस. श्रीहरीचं तोंड चालत नाही म्हणून हात चालतात, असं लोक म्हणतात. गिरजाबाईचं दोन्ही चालतं. त्या पंधरा दिवसांवरच त्यांची पोरगी रोशनी गडचिरोलीला नर्सिंग शिकते.

सगळ्यांनी माना हलवल्या. ग्रामसभेचा सचिव राजदीप लिहायलाही लागला.

“नाई,” गिरजाबाई म्हणाली.

राजदीपचं पेन थांबलं. “काय नाई, काकू?”

“सात नाई. पाचबी नाई. एकबी नाई.”

हे पाच कुठून आले, ते जुन्या माणसांना लगेच कळलं. ठेकेदाराच्या काळात त्याचा मुन्शी शंभरामागं पाच पुडके वरचे घ्यायचा. काही फाटकी निघतात म्हणे, काही वाळतात म्हणे. त्याचा बाप घेत होता म्हणून तो घेत होता. चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी गिरजाबाईनं सगळे पुडके टोपल्यात भरून घरी परत नेले. “तुह्या बापाले देण्यापेक्षा माह्या बकरीले देतो,” म्हणाली. दिवसाची मजुरी बुडाली, बकरीनंही तोंड लावलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आठ बाया परत गेल्या, तिसऱ्या दिवशी अख्खी फळी रिकामी. पाच सुटले. बाईच्या आयुष्यात भाषण नाही, हारतुरा नाही, पेपरात फोटो नाही. ते पाच पुडके तेवढे तिनं कमावले होते. आणि आता तिच्याच गावानं, तिच्याच सभेत, सात मागितले.

सभा मोडली. पुढची सभा दहा दिवसांनी, फळी उघडायच्या तीन दिवस आधी. तोवर जीपवाला थांबणार होता, पुढं नाही.

ते दहा दिवस गिरजाबाईला जड गेले. ती बोअरिंगवर आली की गप्पा बंद, गेली की सुरू. आपल्याबद्दल काय बोलतात हे जिला सगळ्यांच्या आधी कळायचं, तिला आता काहीच कळेना; शिव्यांपेक्षा हे वाईट. किराण्याच्या दुकानात गुणवंतरावांचा पोरगा प्रफुल साखर तोलता तोलता म्हणाला, “घ्या काकू, गोड खा. गाडीत बसाची वेळ आली म्हणजे पाहू.” तिनं साखर तिथंच ठेवली आणि तीन दिवस दोघा नवरा-बायकोंनी फिका चहा घेतला.

राजदीप घरी आला. “जयभीम, काकू. मुन्शी अन गाव एकच होते का? तो आपल्या घरी नेत होता. हे आपलंच आहे.”

“माह्या टोपल्यातून गेलं म्हणजे गेलं, बापू. कोण घेते हे पुडक्याले थोडीच समजते.”

राजदीपला तिनं असं परतवलं, पण रंभाला परतवता येईना. रंभा एकटी बाई, एक गुडघा निकामी, दिवसाला तीसच पुडके होतात. ती दारात उभी राहिली, आत आली नाही.

“माही पोरगी आषाढात बाळंत होते, गिरजाबाई. नाल्याले पाणी कधी चढते हे तुमाले मालूम आहे. बस, इतकंच सांगाले आली होती.”

ती गेल्यावर गिरजाबाई बराच वेळ रिकाम्या सुपाकडे पाहत बसली. श्रीहरी पुडके बांधायला सालीच्या दोऱ्या सोलत होता. दोऱ्यांवरची नजर न काढता त्यानं विचारलं, “गाडी पायजे का नाई तुले?”

“पायजे ना. मी काय राक्षसीन आहो?”

“मंग?”

“मंग पानंच काऊन?” पानंच का, हे ती एकदम बोलून गेली. श्रीहरीनं दोरी दाताखाली धरली. वर्षाकाठचं त्याचं बोलणं तेवढ्यात झालं असावं.

दुसऱ्या सभेला समाजमंदिरात उभं राहायला जागा नव्हती. तमाशा पाहायचा असला की गाव वेळेवर येतं. राजदीपनं ठराव पुन्हा वाचला. सगळ्या माना गिरजाबाईकडे वळल्या.

“गाडी कोणाची?” तिनं विचारलं.

“गावाची,” गुणवंतराव म्हणाले.

“बसणार कोण?”

“सारे.”

“मंग पानंच काऊन? गुणवंतभाऊच्या घरून एक तरी माणूस जंगलात येते का? तुमच्या भावाले साप चावला तो बांधीत चावला, पान तोडताना नाई.”

मागं कोणीतरी जीभ चावली. गुणवंतरावांचा चेहरा उतरला. पण गिरजाबाई थांबली नाही. “मी वाईट बोलून नाई राह्यली. मले वयनी म्हणे तो. पण त्याच्या नावानं गाडी येते, तं धानानंबी ओढावी.”

प्रफुल उठला. “आमी सरकारले टॅक्स देतो ना! वरून हे काऊन?”

“मी काय फुकट राह्यतो? साबणाची वडी घेतली तरी सरकारचा हिस्सा कापून जाते. अन घेतो तुह्याच दुकानातून.”

“बस खाली,” गुणवंतराव पोराला म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी टोपीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. “शंभर पोत्यांमागं सात पोते धान. दिले.”

सभेत चलबिचल झाली. राजदीपनं पेन उचललं. पण गुणवंतराव बसले नव्हते. दुकानदार माणूस, सुटे परत घेतल्याशिवाय गल्ला लावत नाही.

“ज्याच्यापाशी जास्त त्यानं ओढावं, हे तुमचंच बोलणं ना, गिरजाबाई? मंग रंभाचे तीस अन तुमचे दोनशे चाळीस. दोघींले सातच काऊन?”

आता लोक हसले. गिरजाबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं खणलेल्या खड्ड्यात तिलाच उतरवलं होतं, आणि शिडीही तिचीच वापरली होती. माझे हात चालतात हा माझा गुन्हा का, हे ओठांवर आलं होतं. पण मग गुणवंतरावांची बांधी पिकते हा त्यांचा गुन्हा का? 

“मले कोणाची दया नको,” रंभा कोपऱ्यातून म्हणाली. “मीबी सात देतो. फुकटात बसाची नाई मी त्या गाडीत.”

“तू चूप बस,” गिरजाबाई खेकसली. “तिसातले दोन गेले तं तुह्या चुलीवर काय ठेवशील? तू दिवसाचं एक दे. तेवढ्यात तुही ऐट राह्यते.” मग गुणवंतरावांकडे न पाहता, “माहे शंभरामागं आठ.”

 श्रीहरीनं पहिल्यांदा मान वर केली.

“अन तुमचे?” ती म्हणाली.

“आठ,” गुणवंतराव म्हणाले. प्रफुलनं भिंतीवर टाच आपटली.

“कधी?”

“कधी म्हणजे? धान निघाल्यावर.”

“पानं तीन दिवसानं निघतात. धान दिवाळीले. मधातले सहा महिने मी तुमच्या तोंडाकडे पाहत राहू? मागचं धान कोठीत आहे ना, भाव चढाची वाट पाहत. किती पोते?”

चारचौघांत माणसाला कोठी विचारत नाहीत. वय विचारावं, आजार विचारावा, पोराचं लग्न काऊन मोडलं तेही विचारावं; कोठी नाही. गुणवंतराव घाम पुसत राहिले. मग म्हणाले, “सव्वाशे.”

“मंग दहा. फळी उघडते त्या दिवशी. पह्यलं पुडकं मांडाच्या आधी.”

“येतील,” गुणवंतराव म्हणाले. राजदीपनं ठराव लिहिला, तो कुणी शब्द फिरवेल या भीतीनं इतका घाईत, की तारीख टाकायची राहिली.

फळी उघडली त्या दिवशी चारपासून माणसं मैदानात होती. साठेक घरांचे ढीग पडले होते. पाच वाजले, साडेपाच वाजले. ट्रॅक्टरचा पत्ता नव्हता.

“काकू, मांडाले घेऊ का?” राजदीप चौथ्यांदा विचारत होता. “ट्रॅक्टर येईलच.”

“येऊ दे.”

पुडके ढिगात राहिले की आतून तापतात, पानं काळी पडतात. काळं पान कुणी घेत नाही. बाया आधी कुजबुजल्या, मग मोठ्यानं बोलायला लागल्या. “हिच्या एकटीपायी साऱ्यांची मजुरी सडवायची का?” एकीनं आपली टोपली उचलून मांडायलाही घेतलं.  गिरजाबाईनं आपल्या ढिगात हात घातला. आतली पानं गरम लागत होती. धान आलं नाही तर? मुन्शीपासून पाच वाचवले आणि आपल्या तोंडानं आठ घालवले, हेच नाव राहील. मुन्शी निदान परका होता. आणि आडवी बसली तर आषाढात रंभाच्या पोरीचं काय? तिनं हात बाहेर काढून पदराला पुसला. श्रीहरी शेजारी होता; तो तिच्याकडे नाही, रस्त्याकडे पाहत होता.

सूर्य सागाच्या शेंड्यांना टेकला तेव्हा आवाज आला. प्रफुल ट्रॅक्टर चालवत होता, तोंड सुजल्यासारखं करून. गुणवंतराव मागं ट्रॉलीत, पोत्यांवर बसलेले. पोती उतरली. गिरजाबाईनं बोटानं मोजली, राजदीपनं मोजली, आणि न विचारता साऱ्या मैदानानं मोजली.

नऊ.

“दहावं उद्या,” प्रफुल स्टिअरिंगवरून म्हणाला. “कोठीच्या कोपऱ्यात मांजर व्यालं आहे.”

गुणवंतरावांनी पोराकडे पाहिलं. त्यांनी पोती मोजली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.  राजदीप गिरजाबाईच्या तोंडाकडे पाहत होता, सारेच पाहत होते. तिनं एक शब्द बोलायचा, की जीप आली किंवा गेली.

“राजदीप, माहे किती भरले?”

“दोनशे चाळीस. त्यातले गावाचे एकोणीस.”

“अठरा काढ,” गिरजाबाई म्हणाली. “एकावर माहंबी मांजर व्यालं आहे.”

आधी रंभा हसली, मग ती टोपली उचललेली बाई, मग मैदान. गुणवंतराव हसले नाहीत. “प्रफुल,” ते म्हणाले, “जा.”

“बाबा, डिझेल—”

“जा म्हटलं ना.”

ट्रॅक्टर वळला. बायांनी भराभरा पुडके मांडायला घेतले, कारण उजेड आता हातभरच उरला होता. राजदीपनं गिरजाबाईचे अठरा पुडके गावाच्या ओळीत लावले. ते लावताना ती तिकडे पाहत नव्हती. गुणवंतराव तिच्यापासून चार हातांवर मातीत उकिडवे बसले. 

“खर्रा आहे का, गिरजाबाई?”

तिनं कमरेची तंबाखू-सुपारीची पुडी सोडली, त्यांच्यापुढं धरली. “घ्या. याच्यावर ठराव नाई झाला अजून.”

त्यांनी चिमूट घेतली. एकोणिसावं पुडकं तिच्या मांडीवर होतं, आणि कान रस्त्याकडे.