खिळ्यांच्या बाजूची फळी

आमच्या दादाला काही विकायचं म्हणजे दुकानदाराचा अंत बघणं. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, बनियन घ्यायलासुद्धा टेप घेऊन जातो. मी धाकटी बहीण, त्यामुळे चेनसॉच्या दुकानात त्याच्यासोबत जायला माझीच वर्णी लागली.

परसातलं झाड वादळात आडवं झालं होतं. सॉ मिलवाल्याने दारातूनच हात जोडले. घरच्या झाडात कोणी काय ठोकून ठेवलेलं असेल सांगता येत नाही, एक खिळा लागला की आमच्या करवतीचे बारा वाजतात, असं म्हणाला. चुकत नव्हता तो. या झाडात खिळे होतेच. दादा दर वाढदिवसाला आपल्या चिमीला झाडाला टेकवून उभी करायचा आणि तिच्या डोक्याच्या रेषेत एक खिळा ठोकायचा. सात झाले. आठव्या वाढदिवसाच्या तोंडावर पोरगी तापाने गेली. त्याला एकवीस वर्षं होत आली. वहिनींनी तेव्हा डोकं फिरल्यागत तिचे सगळे फोटो जाळले आणि परसात पाय टाकणं सोडलं. लेकीचं म्हणून दादाकडे उरलं ते एवढंच. त्याला त्या साती खिळ्यांची एक अखंड फळी हवी होती.

दुकानदाराने आधी मधल्या आकाराचा चेनसॉ पुढे केला. दादाने खोडाची रुंदी सांगितली, एकोणतीस इंच. मग दुकानदार जरा नीट बसला. फळ्या पाडायच्या तर साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीवर चौकट बसवावी लागते, ती सहा इंच खाते, म्हणजे पट्टी छत्तीसची हवी. खोड असं लांबीत, उभं कापताना मशीन पाव पाव तास पूर्ण जोरात चालतं, लहान इंजिन तापून बसतं, म्हणून इंजिन सगळ्यात मोठं. साखळीही वेगळी, उभ्या कापासाठी दात घासलेली. दादाने प्रत्येक दाताला अंगठा लावून बघितला. मी दोन चहा प्यायले. शेवटी दुकानदाराने खिळ्यांचं विचारलं. दादा म्हणाला, सात, मीच ठोकलेत. तरी त्याने लोखंड शोधायचं यंत्र दोन दिवसांसाठी दिलं. माणूस भला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कामाला लागलो. झाड असं पडलं होतं, की भिंतीकडची, खिळ्यांची बाजू वर आली होती. सालीने खिळे केव्हाच गिळले होते. दादा यंत्र फिरवायचा, आवाज आला की मी खडूने खूण करायची. सात खुणा झाल्या. मी म्हटलं, झालं बाबा एकदाचं. पण दादा कसला थांबतोय, तो शेंड्याकडे सरकत राहिला.

चार बोटं पुढे आठवा आवाज आला. मग नववा, मग दहावा. हळूहळू अंतर कमी होत गेलं, आणि शेवटचे दहा-बारा तर एकाच उंचीवर खेटून होते, मोठ्या माणसाची उंची वाढायची थांबते ना, तसे. मी दोनदा मोजले. अठ्ठावीस. चिमी असती तर आज अठ्ठावीसची असती. शेवटचा खिळा सालीच्या वरच होता, आणि त्याला गंजाचा ठिपकाही नव्हता.

भीती वाटली की आधी चिडायचं, हा माझा स्वभाव. एवढी वर्षं गुपचूप ठोकत बसलास, निदान बायकोचा तरी विचार करायचास, असं मी त्याला फडाफडा सुनावलं.

"मी नाही," दादा म्हणाला. "सातव्यानंतर मी हातोडी धरली नाही. मला वाटतं, तुझ्या वहिनीने ठोकले असतील."

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. वहिनी भांडी घासत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिमीच्या वाढदिवसाला मी अंथरुणातून उठतच नाही, म्हणाल्या. आठ वाजता परसातून ठकठक ऐकू येते. हे ठोकतात आणि मग तुमच्याकडे निघतात, असंच धरून चालले मी, कधी विचारलं नाही.

पण त्या दिवशी दादा सकाळी सातलाच माझ्या घरी येऊन बसतो. आजवर एकदाही चुकलेला नाही.

मी हे सांगितल्यावर वहिनींनी हात पुसले आणि सरळ परसात गेल्या. ओल्या मातीत खोडाला लागून आडव्या झाल्या, टाचा मुळांशी नीट लावून. मग हात डोक्यावर नेऊन शेवटचा खिळा चाचपला.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा उंच झाली ही."

दादा ओक्साबोक्शी रडला. मीही रडले, आणि घाबरलेही होते, खोटं कशाला सांगू. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "फळी चार फुटांची धरली होती मी. आता सहाची कापू."

"कापू नका," वहिनी पडल्या पडल्याच म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे तिचा."

दादाने चेनसॉ उचलून परत खोक्यात ठेवला.