ओढ्याकडची घोडवाट

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी घोड्यावरून पडले. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या मागे टाउनुसच्या डोंगरात आमच्या राइटफेराइनची, म्हणजे घोडेस्वारीच्या क्लबची, एक वाट आहे. तिथेच, ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर. मला फारसं लागलं नाही. डाव्या मनगटाला प्लास्टर आणि ऑफिसला द्यायची क्रांकश्राइबुंग, म्हणजे आजारपणाची डॉक्टरी चिठ्ठी, एवढ्यावर निभावलं. माझ्या खालच्या घोडीचं मात्र निभावलं नाही. पाण्यानं वाटेत खोल चर पडली होती, तिच्यात तिचा पुढचा पाय गेला. पशुवैद्य म्हणाल्या, "जगेल छान, चरेल, फिरेल. पण आता पाठीवर कुणाला घेणार नाही."

ती चर मी आधी पाहिली होती. उन्हाळ्यात दोनदा तिच्या कडेनं घोडी काढून नेली होती आणि मनात म्हटलं होतं, कुणीतरी बुजवेलच.

ती वाट कुणी सरकारी माणूस राखत नाही. जंगल खात्यानं ती क्लबला वापरायला दिली आहे, आणि बदल्यात पडलेली झाडं हटवणं, काटेरी झुडपं छाटणं, वरचा तळ नीट ठेवणं हे क्लबचं काम. तळ म्हणजे झाडीतली एक मोकळी जागा: कुंपण, पाण्याची डोणी, लाकडी खोपटं. घोड्यावरून चार-पाच दिवसांच्या सफरीला निघालेले लोक तिथे मुक्काम करतात. प्रत्येक सभासदानं वर्षातून काही शनिवार यासाठी द्यायचे असतात. लेकीला घोडेस्वारी शिकवायला म्हणून मी क्लबात आले. तिनं बाराव्या वर्षी सोडलं, मी राहिले. माझे शनिवार मी इतकी वर्षं केक भाजून भरत होते.

अपघातानंतर फोर्स्टरनं, म्हणजे वनाधिकाऱ्यानं, वाटेवर लाल-पांढरी पट्टी लावली. एप्रिलअखेर वाट सुरक्षित झाली नाही तर ती कायमची बंद, आणि तळही काढून घ्यायचा, असं पत्र आलं. क्लबच्या बैठकीत एक जण म्हणाला, "आपल्याला आवारातलं रिंगण पुरे आहे की."

मी हात वर केला. प्लास्टरचाच वर गेला.

"मी करते," मी म्हटलं.

क्लबच्या अध्यक्ष बाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. क्लबात सगळेच एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणतात, पण माझ्या मनात त्या कायम 'बाई'च होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुदळ धरली आहेस कधी?"

"नाही. शिकेन."

"आल्झो, मग ठरलं," त्या म्हणाल्या, "शनिवारी नऊ वाजता."

प्लास्टर निघाल्यावर मीही कुदळ घेतली. आम्ही पाच जण होतो. खडी ढकलगाडीतून वर न्यायची, चरीत ओतायची, धुमसानं ठोकायची. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा तळहाताला फोड होते. "अगं, घोड्यावरून पडलीस ते पडलीस, आता रस्तेही खणायला लागलीस?" त्या म्हणाल्या. "अहो आई, थोडंच राहिलंय," मी म्हटलं. तसं मला खरंच वाटत होतं.

जानेवारीत बर्फ वितळलं, वर दोन दिवस पाऊस झाला, आणि आमची सगळी खडी ओढ्यात गेली. चर आधीपेक्षा खोल. पाचातला एक जण बघत उभा राहिला, "झालं, संपलं तर मग," म्हणाला आणि निघून गेला. पुढच्या शनिवारी आम्ही दोघीच होतो, बाई आणि मी.

मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. ऑफिसात मी रोज ज्युनियर लोकांना सांगते, लक्षण झाकू नका, कारण शोधा. आणि इथे दोन महिने मी भोक बुजवत बसले होते. रविवारी भर पावसात छत्री घेऊन मी एकटी चढावर गेले आणि पाणी येतं कुठून ते पाहिलं. शंभरएक पावलं वर, लाकूडतोडीच्या यंत्राच्या चाकांनी दोन खोल खाचा पाडल्या होत्या. डोंगराचं पाणी त्यांत गोळा होऊन सरळ आमच्या वाटेवर येत होतं. ते वरच वळवायला हवं होतं. वाटेत तिरके ओंडके गाडायचे, प्रत्येकाच्या वरच्या अंगाला चर खणायची, म्हणजे पाणी बाजूच्या झाडीत निघून जाईल.

ओंडके जंगलात पडलेलेच होते, पण चेनसॉ चालवायला परवाना लागतो आणि क्लबातल्या दोन्ही परवानेवाल्यांनी आता येणं सोडलं होतं. मी दोन दिवसांचा कोर्स केला. वर्गात मी एकटीच बाई. शिकवणारा प्रत्येक गोष्ट मला दोनदा सांगायचा. मी दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि पास झाले.

त्या संध्याकाळी अंगावर भुसा घेऊन घरी आले तेव्हा लेकीनं विचारलं, "ममा, वारुम इमर डू?" नेहमी तूच का?

"कारण मी चर बघून पुढे गेले होते," मी मराठीत म्हटलं. तिला कळलं.

मार्चमध्ये चौथा ओंडका बसवताना बाईंचा गुडघा धरला. त्या बादली पालथी घालून बसल्या. थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये मी ती चर कामांच्या वहीत लिहिली होती. सुट्टीचे दिवस होते. म्हटलं, सप्टेंबरात बघू."

"मीही पाहिली होती," मी म्हटलं.

"गेनाऊ, तेच तर," त्या म्हणाल्या. चहा संपवून त्यांनी पहार माझ्या हातात दिली. "हा ओंडका अजून हलतोय."

त्यानंतर माणसं एकेक करून परतली. आधी दोघं, मग "संपलं" म्हणणाराही. कुणी त्याला काही विचारलं नाही. त्याच्या हातात फावडं दिलं.

फोर्स्टर आला तेव्हा भुरभुर पाऊस होता. तो प्रत्येक ओंडक्यावर टाच मारत वर गेला, पाणी झाडीत वळताना वाकून पाहिलं. पाचवा ओंडका बोटभर उचला म्हणाला. खोपट्याचं छप्पर बदलेपर्यंत आत कुणी झोपायचं नाही, तंबू चालतील. मग त्यानं पट्टी गुंडाळून खिशात घातली. "पास्ट," म्हणाला, म्हणजे जमलं.

मेमध्ये दोन स्वार बायका त्या वाटेनं वर आल्या. त्यांना आमच्या ओंडक्यांबद्दल काही ठाऊक नव्हतं, विचारायचं कारणही नव्हतं. डोणीचा नळ घट्ट आहे, एवढीच त्यांची तक्रार. मी पाना आणून तो सैल करत होते, तेवढ्यात बाई कुंपणापाशी एक खांब हलवून बघताना दिसल्या.

"हा कुजलाय," त्या ओरडून म्हणाल्या. "शनिवारी?"

"नऊ वाजता," मी म्हटलं.